तीन अ‍ॅडमिट हातात आहेत, जाऊ कुठे?

ताई, मी मूळची सांगलीची, सध्या चाकणला एका ऑटो पार्ट्स कंपनीत सप्लायर क्वालिटीला आहे. मेकॅनिकल झालंय, पाच वर्षांचा अनुभव, पगार ११ लाख. जीमॅटला ६४५ आले आणि तीन ठिकाणी एमबीएला अ‍ॅडमिशन मिळालंय. अमेरिकेत मिडवेस्टमधली एक युनिव्हर्सिटी, दोन वर्षं, स्कॉलरशिप वजा जाता सगळा खर्च ९५ लाख. इंग्लंडमध्ये उत्तरेकडच्या एका शहरात, एक वर्ष, ५५ लाख. आणि जर्मनीत स्टुटगार्टपासून तासाभरावर, इंग्रजीतून, एक वर्ष, ५२ लाख. रँकिंग अमेरिकेचं सगळ्यात वरचं. बाबा झेडपीचे शिक्षक, रिटायर झालेत, सांगलीतलं घर तारण ठेवायला तयार आहेत. मे महिन्यात माझं लग्न आहे, तो पुण्यात आयटीत आहे. मामा म्हणतो अमेरिका सोडू नकोस, कन्सल्टंट म्हणतो यूकेला जा, वर्षात मोकळी होशील. मला पुढे सप्लाय चेन किंवा परचेसमध्ये मॅनेजर व्हायचंय. जर्मन ए२ पर्यंत, म्हणजे दुसऱ्या पातळीपर्यंत झालंय, पण ते हौस म्हणून केलं होतं. सारखे एक्सेल उघडून बसते आणि काही ठरत नाही. नाव छापू नका प्लीज.
– एक सांगलीकर

प्रिय सांगलीकर,

तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी पेन घेऊन बसले. तुझं मूळ पत्र बरंच लांब होतं, इथे छोटं करून दिलंय, त्यात रँकिंगवर तू पाऊण पान लिहिलंयस आणि घर तारण ठेवण्यावर एक ओळ. मी घरापासून सुरुवात करते, कारण माझी सगळी चूक तिथेच झाली होती.

२०११ सालची गोष्ट. मला इंग्लंडच्या एका कॉलेजात एमबीएला अ‍ॅडमिशन मिळालं आणि लोनसाठी बाबांनी साताऱ्यातलं घर तारण ठेवलं. बँकेत त्या दिवशी मी त्यांच्या शेजारीच बसले होते. मॅनेजर पानं उलटत होते, जिथे बोट ठेवतील तिथे बाबा सही करत होते, मधेच एकदा त्यांनी खिशातून चष्म्याची डबी काढली, उघडली, आणि मागे लाईन आहे हे बघून तशीच बंद करून खिशात ठेवली. काय लिहिलंय ते त्यांनी वाचलंच नाही. मीही वाचलं नव्हतं. मी तेव्हा फक्त कॉलेजचा फोटो बघत होते.

आता ऐक. त्या काळी यूकेत शिक्षण झालं की दोन वर्षं राहून नोकरी करायचा पोस्ट स्टडी वर्क व्हिसा मिळायचा, आणि आमच्या कन्सल्टंटने सगळं गणित त्याच्यावर मांडलं होतं. हा व्हिसा बंद करणार अशी घोषणा तिथल्या सरकारने मार्च २०११ मध्येच केली होती, मी सप्टेंबरमध्ये विमानात बसले, आणि एप्रिल २०१२ मध्ये, माझा कोर्स चालू असतानाच, तो बंद झाला. कोर्स संपल्यावर हातात राहिले चार महिने, त्यात स्पॉन्सर करणारी कंपनी शोधायची. मी नव्वदच्या वर अर्ज केले. कितीतरी ठिकाणी इंटरव्ह्यू छान व्हायचा आणि शेवटी तो प्रश्न यायचा, की तुम्हाला व्हिसा स्पॉन्सरशिप लागणार का. हो म्हटलं की पुढे मेल येत नसे. मी परत आले, पुण्यात नोकरी धरली, हातात ५२ हजार यायचे त्यातले ३३ हजार हप्त्याला जायचे. घराची कागदपत्रं बँकेतून सोडवायला आठ वर्षं लागली. (यूकेने तसाच व्हिसा ग्रॅज्युएट रूट या नावाने जुलै २०२१ मध्ये परत सुरू केला, माझं लोन फिटल्यावर.)

मला शिकल्याचा पस्तावा नाही, आजही ऑफिसमध्ये त्या वर्षाचा उपयोग होतो. पण देश निवडताना मी एकच चित्र बघितलं होतं, सगळं नीट झालं तर काय होईल याचं. तू दुसरंही बघ. नोकरी मिळाली नाही, नियम बदलला, परत यावं लागलं, तर त्या दिवशी हप्ता कोण भरणार? या प्रश्नाचं उत्तर ज्या ठिकाणाला देता येतं तिथे जायचं, बाकी रँकिंग वगैरे त्याच्यानंतर.

तर आधी हप्ता काढू. साडेदहा टक्के व्याज आणि दहा वर्षं धरलीस तर दर लाखामागे साधारण १,३५० रुपये महिना पडतात, हा आकडा पाठच करून ठेव, खूप कामाला येतो. म्हणजे ९५ लाखांना महिना सव्वा लाखाच्या वर, १ लाख २८ हजार. ५५ लाखांना ७४ हजार. ५२ लाखांना ७० हजार. पंधरा वर्षं घेतलीस तर लाखामागे ११०० च्या आसपास येतं, हप्ता हलका वाटतो पण व्याज वाढत जातं. आणि यात अजून मोरॅटोरियमचं व्याज नाहीये बरं का, कोर्स अधिक सहा महिने हप्ता नसला तरी व्याज चालूच असतं, दोन वर्षांच्या कोर्सला ते सहज काही लाख होतं, म्हणून जमत असेल तर शिकत असतानाच ते साधं व्याज तरी भरत राहायचं. आज तुझ्या हातात महिन्याला किती येतात ते तुला माहीत आहे, ८० च्या आसपास असतील. परत आलीस आणि एमबीएमुळे पगार १८-२० लाख झाला असं धरलं तरी सव्वा लाखाचा हप्ता म्हणजे सगळा पगार बँकेला देऊन तू नवऱ्याच्या पगारावर जगणार. ७० हजाराचा हप्ता जड आहे, पण ओढता येतो.

रुपयाचंही बघ. मी गेले त्या वर्षी उन्हाळ्यात डॉलर ४५ च्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये तो ९० च्या वर गेला. तुझी दुसऱ्या वर्षाची फी आजच्या दराने धरलेली आहे ना एक्सेलमध्ये? दोन वर्षांच्या कोर्सला ही जोखीम जास्त असते, एक वर्षाच्या कोर्सला बहुतेक पैसे लवकर जाऊन सुटतात. तिथेच नोकरी लागली तर मात्र हेच उलटं होतं, कमाई डॉलरमध्ये आणि कर्ज रुपयात, मग फटाफट फिटतं. मामाने जी उदाहरणं पाहिली असतील ती या दुसऱ्या प्रकारातली असणार, खोटी नाहीत ती.

अमेरिकेचं बोलू. एक गोष्ट अमेरिकेत खरंच चांगली आहे आणि ती तुझ्या कामाची आहे, ती म्हणजे मधल्या उन्हाळ्यातली इंटर्नशिप. क्वालिटीतून परचेसला उडी मारायची तर कोणीतरी तुला दहा-बारा आठवडे ते काम करू द्यायला हवं, आणि तिथल्या मोठ्या कंपन्या पुढच्या नोकऱ्या बऱ्याचशा त्या इंटर्नमधूनच देतात. एका वर्षाच्या कोर्सला ही संधी बहुधा नसते किंवा शेवटी प्रोजेक्ट म्हणून असते. त्यामुळे "एक वर्षात मोकळी" हे काम बदलणाऱ्याला दर वेळी फायद्याचं नसतं. इनसियाड या फ्रान्समधल्या बिझनेस स्कूलचा कोर्स दहाच महिन्यांचा आहे आणि जगात त्याला मान आहे, पण तिथेही जानेवारीत सुरू होणाऱ्या बॅचला मधे इंटर्नशिपला जागा मिळते, म्हणून काम बदलणारे लोक मुद्दाम ती बॅच घेतात.

आता व्हिसा. पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे स्टुडंट व्हिसावरच नोकरी करायच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं, आणि कोर्स स्टेम (सायन्स, इंजिनिअरिंग, गणित या गटातला) म्हणून नोंदलेला असेल तर आणखी २४ महिने. युनिव्हर्सिटीच्या ब्रोशरवर स्टेम लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नकोस, आय-२० हा जो कागद येतो त्याच्यावर कोर्सचा एक कोड असतो, उदाहरणार्थ मॅनेजमेंट सायन्सचा ५२.१३०१ हा स्टेममध्ये येतो, तुझ्या एमबीएचा कोड कुठला ते मेल करून विचार आणि उत्तर लेखी घे. काही कॉलेजांत ठरावीक स्पेशलायझेशन घेतलं तरच तो कोड मिळतो, आणि ते पोरांना दुसऱ्या सेमिस्टरला कळतं. ओपीटीच्या पहिल्या वर्षात ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही हेही लक्षात ठेव. त्याच्या पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, वर्षाला ६५ हजार आणि अमेरिकेतली मास्टर्स असणाऱ्यांसाठी आणखी २० हजार, अर्ज त्याच्या कितीतरी पट, म्हणजे लॉटरी. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलरचा आदेश निघाला, पुढच्या महिन्यात खुलासा आला की तिथेच शिकून व्हिसा बदलून घेणाऱ्यांना तो लागू नाही. पण कंपनीच्या एचआरमध्ये बसलेला माणूस एवढा बारकावा वाचत बसत नाही गं, तो बिचकतो आणि सोपा उमेदवार घेतो. मी स्वतः भरती करते, म्हणून सांगते.

म्हणून ९५ लाखांना, घर तारण ठेवून, मी तुला अमेरिकेला जा म्हणणार नाही. हेच ४५ लाखात होत असतं तर मी म्हटलं असतं बॅग भर. आणि ते अगदीच अशक्य नाहीये, अमेरिकन कॉलेजांत स्कॉलरशिपवर बोलणी होते, आपल्याकडे लोकांना हे विचारायला संकोच वाटतो पण तिथे ते नेहमीचं आहे. दुसरी अ‍ॅडमिट लेटर जोडून, नम्रपणे, की मला यायचंय पण हा फरक भरून निघत नाही, पुनर्विचार होईल का. जास्तीत जास्त नाही म्हणतील. अ‍ॅडमिशन काढून घेत नाहीत.

इंग्लंडवर फार वेळ घालवत नाही. तू सप्टेंबरमध्ये जाऊन पुढच्या सप्टेंबरला सुटणार, आणि १ जानेवारी २०२७ नंतर अर्ज करणाऱ्यांना ग्रॅज्युएट रूट दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचा झालाय, म्हणजे तुला दोन वर्षं मिळणारच नाहीत. तुझ्या कन्सल्टंटने तुला दोन वर्षं सांगितलीयत, पत्रात तसं लिहिलंयस. त्याला कॉलेजकडून कमिशन मिळतं, तुझ्याकडून पैसे घेत नाही याचं कारण ते आहे. माणूस वाईट असतो असं नाही, पण जिथे त्याचं कमिशन नाही तिथला पर्याय तो स्वतःहून सांगणार नाही. अठरा महिन्यांनंतर स्किल्ड वर्कर व्हिसा लागेल, त्याची पगाराची अट जुलै २०२५ पासून साधारणपणे ४१,७०० पौंड, नव्याने सुरुवात करणाऱ्यांना ३३,४०० पौंडांची सवलत. लंडनच्या बाहेर, मॅन्युफॅक्चरिंगमध्ये, ब्रिटनचा अनुभव नसताना हा पगार आणि स्पॉन्सरशिप दोन्ही एकत्र मिळणं अवघड जातं.

आणि नवरा. तू त्याचा उल्लेख एका वाक्यात केलास, पण माझ्या मते ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. मे मध्ये लग्न आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तू निघणार. जानेवारी २०२४ पासून यूकेत एमबीएसारख्या कोर्सला जोडीदाराला सोबत नेता येत नाही. एवढ्यावर थांबत नाही ते, ग्रॅज्युएट रूटवर गेल्यावरही नव्याने बोलावता येत नाही, कारण तिथे फक्त तोच जोडीदार चालतो जो आधीपासून स्टुडंट व्हिसावर सोबत होता. म्हणजे तुला स्पॉन्सर करणारी नोकरी लागेपर्यंत तो पुण्यात. अडीच वर्षं होऊ शकतात. अमेरिकेत तो एफ-२ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर येऊ शकतो पण त्याला काम करता येत नाही, आणि आयटीतला कमावता माणूस दोन वर्षं घरात बसवून हप्ता भरायचा हे तर कुठल्याच एक्सेलमध्ये बसणार नाही. जर्मनीत जोडीदाराला येता येतं, अटी आहेत, घर आणि खर्चाची सोय दाखवावी लागते, त्याला ए१ जर्मन लागतं, पण एकदा आला की त्याला कामाची परवानगी असते. तुला पुढे ब्लू कार्ड (शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा तिथला परवाना) मिळालं तर ए१ चीही अट राहत नाही. त्याला हे सगळं माहीत आहे का? तुमचं दोघांचं यावर बोलणं झालंय का? झालं नसेल तर आज रात्री बोल, केळवणाच्या गडबडीत राहून जाईल.

आता जर्मनी. ए२ हौस म्हणून केलं असं लिहिलंयस, पण तुझ्या सगळ्या फाईलमधली मला सगळ्यात जड वस्तू तीच वाटली. तू चाकणला काम करतेस, तिथे फोक्सवॅगनचा प्लांट आहे, मर्सिडीज आहे, त्यांना माल देणाऱ्या जर्मन कंपन्या पुण्याच्या आजूबाजूला किती आहेत ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सप्लायर क्वालिटी हे काम म्हणजे पीपॅप (पार्ट मंजूर करायची कागदपत्रं), ऑडिट, आठ-डी रिपोर्ट (दोषाचं मूळ शोधून दुरुस्ती लिहायचा), रिजेक्शनवरून पुरवठादाराशी हुज्जत. परचेसवाल्या माणसाला हेच येत नाही म्हणून तो अडतो. तुझी उडी तिथे सगळ्यात छोटी आहे, तोच उद्योग, कामाची तीच परिभाषा, फक्त टेबलाची दुसरी बाजू. स्टुटगार्टच्या भोवती बॉश, पोर्शे, मर्सिडीज आणि त्यांच्याभोवती शेकडो मध्यम कंपन्या, ज्यांना ते मिटेलश्टांड म्हणतात. आणि समजा तिथे नाही जमलं, परत यावं लागलं, तर जर्मन बोलणारी, जर्मनीत एमबीए केलेली, सप्लायर बाजू माहीत असलेली मुलगी पुण्यात वाया जात नाही. मी ज्या वाईट दिवसाबद्दल वर बोलले, त्या दिवशी तुझ्याकडे फोन करायला नंबर असतील.

नियमांच्या बाबतीत तिथे कोर्सनंतर १८ महिने नोकरी शोधायला मिळतात आणि त्या काळात कुठलंही काम करता येतं. ब्लू कार्डची पगाराची अट २०२५ मध्ये ४८,३०० युरो होती, नुकती पदवी घेतलेल्यांना त्याहून कमी, दरवर्षी ती वाढते. ब्लू कार्डवर असताना बी१ जर्मन असेल तर २१ महिन्यांत कायम राहायची परवानगी मागता येते, ए१ वरच राहिलात तर २७ महिने. लॉटरी नाहीये कुठे. माझ्यासाठी यातली ही शेवटची गोष्ट फार मोठी आहे.

पण मी तुला गुलाबी चित्र दाखवणार नाही. जर्मन ऑटो उद्योगाचं सध्या बरं चाललेलं नाहीये. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये युनियनशी करार करून २०३० पर्यंत ३५ हजारांवर नोकऱ्या कमी करायचं ठरवलं, गिअरबॉक्स बनवणाऱ्या झेडएफ कंपनीने त्याच वर्षी २०२८ पर्यंत १४ हजारांपर्यंत कपात जाहीर केली. इलेक्ट्रिक गाड्यांकडे जाताना गिअरबॉक्स आणि इंजिनवाले सगळेच चिंतेत आहेत. अशा वेळी परदेशी माणसाला कोण घेतं, तर ज्याच्याकडे त्यांना न मिळणारं काहीतरी आहे त्याला. भारतातून माल घेणं वाढवायचंय अशा कंपन्यांना चाकण आतून माहीत असलेला माणूस लागतो, त्या दिशेने अर्ज कर, सरसकट करू नकोस. आणि भाषा. कोर्स इंग्रजीत आहे, कॉलेजात सगळे इंग्रजी बोलतील, आणि तू फसशील, कारण परचेसचं काम फोनवर चालतं आणि खेडेगावातला तो पन्नाशीचा पुरवठादार तुझ्याशी जर्मनमध्येच बोलणार. ए२ ने भागणार नाही. जायच्या आधी बी१ झालंच पाहिजे आणि तिथे पोचल्यावर बी२ च्या मागे लागायचं. पुण्यात बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन आहे, आजच इंटेन्सिव्ह बॅचची चौकशी कर, लग्नाची खरेदी आई-मावशी करतील.

एक काम मात्र तिन्ही कॉलेजांसाठी कर, म्हणजे उद्या मी चुकले तरी तुझ्याकडे तुझे आकडे असतील. प्रत्येकाचा प्लेसमेंट रिपोर्ट काढ आणि शेवटच्या पानावरच्या बारीक टिपांपासून वाचायला लाग. समज बॅच १२० ची आहे आणि वर मोठ्या अक्षरात ९० टक्के लिहिलंय. खाली टीप असते की हे टक्के फक्त नोकरी शोधणाऱ्यांचे. शोधणारे किती, ८०. बाकीचे ४० कोण, तर कंपनीने पाठवलेले, स्वतःचा धंदा करणारे, आणि ज्यांनी काही कळवलंच नाही असे. ८० चे ९० टक्के म्हणजे ७२. १२० मधले ७२, म्हणजे ६० टक्के. मग त्यातले परदेशी विद्यार्थी किती? अमेरिकन रिपोर्टमध्ये कामाची कायमची परवानगी असलेले आणि नसलेले असे वेगळे रकाने बहुधा असतात, तुझा रकाना दुसरा. तिथला पगार बघ, सरासरी नको मधला आकडा बघ, आणि किती जणांनी पगार सांगितलाय ते बघ, तीस जणांतल्या नऊ जणांनी सांगितलेला पगार म्हणजे काही खरं नाही. युरोपातल्या रिपोर्टमध्ये हे इतकं सुटं करून देत नाहीत, तर सरळ मेल कर की मागच्या बॅचमधले भारतीय किती होते, त्यातले त्याच देशात नोकरीला किती लागले, कुठल्या कामाला. उत्तर गुळमुळीत आलं तर तेही उत्तरच समज.

आणि लिंक्डइनवर त्या कॉलेजचे गेल्या दोन-तीन वर्षांतले भारतीय शोध, मोठ्या पदावरचे नकोत, तुझ्यासारखे, फॅक्टरीतून गेलेले. तीन ओळींचा मेसेज, मराठी नाव दिसलं तर मराठीतच लिही, माणसं मोकळं बोलतात. कॉलेज कसं आहे असं विचारू नकोस, सगळे छान आहे म्हणतात. विचार, की पहिली नोकरी कॉलेजमधून मिळाली की स्वतः शोधलीस, किती अर्ज केलेस, व्हिसाचा विषय कितव्या राउंडला निघाला, आणि तुझ्या बॅचमधलं कोण परत गेलं. त्या परत गेलेल्याचा नंबर माग. माझ्याशी २०११ मध्ये असा परत आलेला एक जण बोलला असता ना, तर मी तरीही गेले असते कदाचित, पण बाबांच्या सहीआधी बोलले असते.

पैशाची थोडी फुटकळ पण कामाची माहिती. बँकेत तारण म्हणून फ्लॅट, घर, एनए प्लॉट चालतो, शेतजमीन सहसा घेत नाहीत, त्यामुळे मामा म्हणतो तशी जमीन पुढे करून घर वाचेल असं धरू नकोस. घर बाबांच्या एकट्याच्या नावावर आहे का, की आजोबांच्या नावावरून अजून उतरायचंय, काका-आत्यांची नावं आहेत का, हे आधी बघ, बँकेचा वकील सर्च रिपोर्ट काढतो तेव्हा हे निघतं आणि दोन महिने जातात. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणाला लोन स्कॉलरशिप देतंय, के. सी. महिंद्रा ट्रस्टची बिनव्याजी लोन स्कॉलरशिप आहे, दोन्हीकडे अर्ज कर, आलेला प्रत्येक लाख म्हणजे महिन्याचे १,३५० कमी. लोनचे पैसे बाहेर पाठवताना एप्रिल २०२५ पासून टीसीएस (बँक आधीच कापून घेते तो टॅक्स) लागत नाही. आणि लोनवरच्या व्याजाला इन्कम टॅक्समध्ये आठ वर्षं सूट आहे पण ती जुन्या टॅक्स पद्धतीत, परत आलीस तर तेव्हा हिशेब करून पद्धत निवड.

जर्मनी ठरलं तर एपीएस सर्टिफिकेटचा, म्हणजे आपल्या डिग्रीची कागदपत्रं खरी असल्याच्या दाखल्याचा अर्ज लगेच टाक, भारतातून जाणाऱ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून ते लागतंच, त्याशिवाय व्हिसाची फाईल हलत नाही. ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे अडकवून ठेवायच्या खात्याला, वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात, ते तुझ्या ५२ लाखांत धरलेत की वेगळे, हे तुझ्या पत्रातून कळत नाही, तपासून बघ. लग्नाचं सर्टिफिकेट मे मध्येच काढून घे, नंतर नवऱ्याच्या व्हिसाला लागेल, आणि पासपोर्टवरचं नाव आत्ता बदलत बसू नकोस, सगळ्या कागदांवर एकच नाव राहू दे.

माझं मत स्पष्ट सांगते म्हणजे गोंधळ नको. बी१ ची परीक्षा जुलैपर्यंत पास होत असशील तर जर्मनी. होत नसेल तर जर्मनीच्या कॉलेजला अ‍ॅडमिशन एक वर्ष पुढे ढकलून मिळेल का ते विचार, ते वर्ष चाकणलाच काढ, कंपनीत परचेसमध्ये बदली माग, भाषा पक्की कर, नवऱ्यालाही ए१ करू दे, लोनमधले चार-पाच लाख कमी कर. तू आता सत्तावीस-अठ्ठावीसची असशील, काही उशीर होत नाही. अमेरिकेने स्कॉलरशिप वाढवून खर्च ५० च्या खाली आणला तर मला परत लिही, मग मी माझं मत परत तपासून बघेन. यूकेचं डिपॉझिट भरू नकोस, कन्सल्टंट शेवटची तारीख म्हणून घाई करेल.

आणि येत्या रविवारी सांगलीला जा. बाबांना एक कागद दे, त्यावर तीन ओळी, तीन देश, तीन हप्ते, आणि परत यावं लागलं तर कोण कसं भरणार ते. मोठ्या अक्षरात लिही, त्यांना चष्मा काढायला लावू नकोस. त्यांना सगळं वाचू दे, हवे ते प्रश्न विचारू दे, आणि ते काय म्हणाले ते मला कळव.

– ताई